कवंदीची चार फुलं

दिवाळी सरते, भात घरात येतं आणि पहाटे दव पडू लागतं. मग आमच्या गडहिंग्लज भागात घरोघरच्या वाकळा उन्हात येतात. कुणाच्या कुंपणावर, कुणाच्या पिंजराच्या गंजीवर, कुणाच्या माळवदावर. दिवसभर ऊन खाऊन संध्याकाळी त्या घरात आल्या, की त्यांचा ऊबदार वास घरभर पसरतो.

आमच्या घरची एक वाकळ मात्र नऊ वर्षं पेटीतून बाहेर आली नव्हती. सासूबाईंनी ती धरली होती. खाली त्यांचं जुनं इरकल, आत लुगड्यांचे तुकडे. कडेनं तीन फेऱ्या झाल्या आणि त्यांना दिसेनासं झालं. टोचून ठेवलेली सुई तिथंच गंजली. पुढं त्या गेल्या. दरवर्षी मी पेटी उघडायची, वाकळ बघायची आणि परत झाकण लावायची. त्याच पेटीतली त्यांची दोन लुगडी मी भांडीवालीला घालून स्टीलचं पातेलं घेतलं. वाकळही कधीतरी अशीच गेली असती.

गेल्या मार्गशीर्षात नणंदेच्या नातवाच्या बारशाला हल्याळला जाणं झालं. संकेश्वरला गाडी बदलून बेळगाव, पुढं खानापूर, नंदगड आणि मग हल्याळ. खानापूर सोडलं की मुलूख पालटतो. ऊस मागं पडतो, भाताची खाचरं लागतात आणि खाचरांच्या पलीकडं रान दिसू लागतं. वाटेत नंदगडला संगोळ्ळी रायण्णाची समाधी आहे. इंग्रजांनी त्याला १८३१ साली इथंच फाशी दिलं. हल्याळ कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात. पण तिथं मराठा घरं पुष्कळ, त्यामुळं बाजारात मराठी सहज कानावर येते. परमुलखात आल्यासारखं वाटत नाही.

रात्री नणंदेनं अंगावर घ्यायला वाकळ दिली. अंधारात हाताला कोपऱ्यात काहीतरी जाडसर लागलं. गाठ असेल म्हणून चाचपलं, तर पाकळ्यांसारखे थर. सकाळी उजेडात पाहिलं. लाल, पिवळे, निळे, हिरवे तुकडे, कुठं फुलांचं चीट, कुठं शाळेच्या गणवेशाचं कापड. दोन तुकडे सारखे नाहीत, तरी सगळं कसं जिथल्या तिथं. आणि चारही कोपऱ्यांना घड्या घालून केलेली कापडाची फुलं.

"ही कुणी शिवली?" मी विचारलं.

"सिद्दी बायकांनी," नणंद म्हणाली. "त्या हिला कवंदी म्हणतात. बघायची असेल तर उद्या ह्यांच्याबरोबर जा. यल्लापूरकडं त्यांची खेप आहेच."

सिद्दी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं जंजिरा येतो. मुरूडचा तो पाण्यातला किल्ला आणि त्यावरचे सिद्दी सरदार आपण शाळेत शिकलो. अहमदनगरच्या निजामशाहीचा कर्ता पुरुष मलिक अंबर हाही मूळचा हबशीच. पण यल्लापूरच्या रानातल्या सिद्द्यांची कथा वेगळी आहे. पोर्तुगीजांनी आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून, मोझांबिककडून, माणसं गुलाम म्हणून गोव्यात आणली. त्यांतले कितीतरी जण धन्यांच्या तावडीतून निसटले, कुणी पुढं सुटले, आणि घाट चढून या दाट रानात आले. शोधायला कुणी येणार नाही अशी जागा त्यांना हवी होती, ती इथं मिळाली. हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड, अंकोला या तालुक्यांत आज त्यांच्या वाड्या आहेत. त्यांत हिंदू आहेत, मुसलमान आहेत, ख्रिस्ती आहेत. घरात बोलतात ती कोकणी, तिच्यात मराठी आणि कानडी शब्द मिसळलेले. उत्तर कन्नडमधल्या सिद्द्यांना २००३ साली अनुसूचित जमातींत घेतलं गेलं, आणि २०२० साली या समाजातले एक गृहस्थ कर्नाटकाच्या विधान परिषदेवर गेले. पण बहुतेकांचा संसार अजून थोडी शेती, रानातली कामं आणि दुसऱ्याच्या सुपारीच्या बागेतली मजुरी यांवरच चालतो.

हल्याळहून यल्लापूरला जाताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना साग आणि बांबू. यल्लापूरच्या आसपास दऱ्यांच्या पोटात सुपारीच्या बागा लागतात. वर रणरणीत ऊन असलं तरी आत गारवा. आमच्या नंदाव्यांना सुपारीच्या कामामुळं इथल्या पायवाटा ठाऊक. मुंडगोडच्या बाजूला एका वळणावर उतरून आम्ही मैलभर चाललो. कौलारू घरांची लहानशी वाडी. शेणानं सारवलेली अंगणं, दारात कोंबड्या, कुडावर वाळत टाकलेल्या दोन कवंद्या.

एका घराच्या पडवीत सत्तरीच्या आजी पाय पसरून शिवत बसल्या होत्या. नंदाव्यांनी माझी ओळख करून दिली. मीही घरी वाकळा शिवते असं कळल्यावर त्यांनी हातानंच जमीन थोपटून मला शेजारी बसवलं. त्यांचं बोलणं मला अर्धं कळत होतं, माझं त्यांना अर्धं. उरलेलं सुईनं भागवलं.

त्यांची रीत सांगते, कारण आपल्यापैकी पुष्कळजणींना ती करून बघता येईल.

आधी कपडे उसवायचे. झंपर, परकर, सदरे, लहान मुलांचे कपडे. बटणं, हूक, शिवणीतला जाड भाग काढून टाकायचा. विटलेलं कापड चालतं, विरलेलं नाही. दोन्ही हातांनी ताणून बघायचं; जे फाटेल ते बाजूला. खाली एक जुनी सुती साडी अंथरायची, तोच कवंदीचा पाया. आपण आत थर भरतो, वरून अखंड लुगडं टाकतो, कोपऱ्यांवर पाटा-वरवंटा ठेवून सगळं ताणून घेतो आणि कच्चे टाके घालतो. आजींनी यातलं काही केलं नाही. एका कोपऱ्यापासून सुरुवात केली. एक तुकडा ठेवला, त्याची कड बोटानं आत दुमडली आणि खालच्या साडीसकट धावदोरा घातला. त्याला लागून दुसरा तुकडा, मग तिसरा. काठाकाठानं चौफेर फिरून पहिल्या कोपऱ्याशी आल्या की बोटभर आत सरकून दुसरी फेरी. असं फिरत फिरत मध्यापर्यंत जायचं. तुकडे जोडणं आणि सगळे थर एकत्र शिवणं, दोन्ही कामं एकाच टाक्यात होतात. शेवटी पाहावं तर टाक्यांच्या ओळी शेतातल्या तासांसारख्या एकाआड एक.

मी विचारलं, "रंग आधी ठरवता का?"

त्या हसल्या. घरात जे जुनं होईल ते हाताशी येतं. लाल आलं तर त्याच्या शेजारी लाल ठेवायचं नाही, एवढंच. लांब पट्टी असली तर काठाला, लहान तुकडा असला तर मोठ्या तुकड्याच्या डोक्यावर. ख्रिस्ती घरातली बाई मधेच क्रूस बसवते, मुसलमान घरातली चंद्रकोर. त्यांच्या मांडीवरच्या कवंदीत पोपटी कापडावर पांढरी कोर होती.

मध्य आला की शेवटचा तुकडा लावायचा. तो लावण्याआधी आजींनी नातीला हाक मारली आणि घरातून चिमूटभर तांदूळ आणायला लावले. ते तुकड्याखाली ठेवून त्यांनी वरून शिवून टाकले. नातवंडांसाठी मोठी कवंदी केली की त्या असं करतात. पोट रिकामं ठेवायचं नसतं म्हणाल्या. कवंदीचंही आणि पांघरणाऱ्याचंही.

मला वाटलं, झाली. मी उठू लागले तर त्यांनी माझा पदर धरला. फुलं राहिली होती. त्यांनी चौकोनी तुकडा घेतला, दोनदा दुमडून त्रिकोण केला. त्यावर थोडा लहान त्रिकोण, दुसऱ्या रंगाचा. असे थर एकावर एक टाचून ते कोपऱ्यावर पक्के केले. पहिल्या कोपऱ्याला त्यांना बराच वेळ लागला. मी म्हटलं, "याचा उपयोग काय? ऊब तर आधीच झाली."

त्या क्षणभर माझ्याकडं बघत राहिल्या. मग नंदाव्यांना काही म्हणाल्या आणि ते हसले. फुलं नसली तर कवंदी उघडी राहते, म्हणजे अंगावर वस्त्र नसल्यासारखी. तशी ती कुणाला द्यायची नसते.

शेजारच्या घरात विकायला ठेवलेली एक कवंदी होती. मी किंमत विचारली आणि आपल्या बाजाराच्या सवयीनं लगेच म्हणाले, "जास्त होते." त्या सुनेनं वाद घातला नाही. नुसतं विचारलं, "तुमच्याकडं एक वाकळ किती दिवसांत होते?" मी मनात हिशेब केला. रोजची कामं सांभाळून दुपारचे दोन-तीन तास बसलं तर महिना सहज जातो. महिन्याच्या दुपारची मजुरी धरली, तर तिनं सांगितलेली किंमत निम्मीही नव्हती. मी पैसे मोजले आणि खाली मान घालून कवंदी उचलली.

या कवंद्यांना बाहेरची वाट मिळाली ती या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत. हेन्री ड्रूअल नावाचे अमेरिकन प्राध्यापक सिद्द्यांच्या कलेचा अभ्यास करायला इकडं आले. त्यांनी बायकांची शिवणाची सहकारी मंडळी उभी करायला हात लावला आणि पुढं कवंद्या अमेरिकेतल्या प्रदर्शनांत मांडल्या गेल्या. जी वस्तू बाळंतिणीच्या खाली आणि म्हाताऱ्याच्या अंगावर असायची, ती भिंतीवर टांगून लोक बघू लागले. मान मिळाला हे चांगलंच झालं. पण वाडीतल्या अडचणी संपल्या नाहीत. आजी सांगत होत्या, सुती कापडच घरात येईनासं झालं. आताच्या साड्या पॉलिस्टरच्या. सुईखाली घसरतात, घाम पित नाहीत, विस्तवाची ठिणगी पडली तर वितळतात. बाजारात यंत्रावरचं ब्लँकेट स्वस्त मिळतं. मुली शिकतात, कामाला शहरात जातात. त्यांनी जाऊ नये असं आजींना वाटत नव्हतं. सुट्टीत आल्या की एक फुल तरी त्यांच्या हातून करून घेते, एवढंच म्हणाल्या.

हे सगळं आपल्याही घरचंच आहे. आपल्याकडं लुगडी गेली, नऊवार नेसणाऱ्या गेल्या, आणि पेटीत उरलेलं भांडीवालीच्या टोपलीत जातं. सुती कापड आता सहजी परत मिळायचं नाही, हे मला त्या पडवीत बसल्यावर कळलं.

घरी आल्यावर पहिल्यांदा पेटी उघडली. सासूबाईंच्या वाकळेतली गंजकी सुई काढली. कापडावर तिचा तांबूस डाग राहिला, तो मी धुतला नाही. तिथूनच चौथी फेरी धरली. त्यांचा टाका बारीक आणि ताठ, माझा लांब. कुठं त्यांचं संपलं आणि कुठं माझं सुरू झालं, हे कुणीही बोट ठेवून सांगेल. माघ सरता सरता मध्य आला. चिमूटभर तांदूळ घातले. फुलं करताना तीनदा उसवावी लागली. चौथ्या कोपऱ्याचं फुल सुनेनं केलं आणि ते माझ्यापेक्षा बरं जमलं.

भगिनींनो, करून बघणार असाल तर अनुभवाच्या चार गोष्टी सांगते. नवं आणि जुनं कापड एकत्र घेऊ नका. नवं पहिल्या धुण्यात आटतं आणि जुन्याला सुरकुत्या पाडतं. घ्यायचंच झालं तर आधी भिजवून वाळवून घ्या. गडद रंगाचा तुकडा ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासून बघा. रंग सोडत असेल तर वेगळा ठेवा. दोरा जाड सुती घ्या आणि हातभरापेक्षा लांब ओवू नका, नाहीतर गुंता होतो. टाका फार आवळू नका, कड चुणते. थर जास्त घालण्याचा लोभ धरू नका. वाकळ जड झाली की धुणारीचे हात भरून येतात, मग ती धुतलीच जात नाही. आणि पहिल्यांदा मोठी वाकळ धरू नका. बाळाच्या दुपट्यापासून सुरुवात करा. ते आठ-पंधरा दिवसांत हातावेगळं होतं.

तुमच्याही पेटीत अर्धवट राहिलेलं असं काही असेल. भांडीवाली दारात यायच्या आधी ते एकदा उन्हात घाला. कापड ताणून बघा. फाटलं नाही, तर सुई ओवायला बसा. आणि कोपऱ्यांसाठी चार तुकडे आधीच बाजूला काढून ठेवा, म्हणजे शेवटी फुलांना कापड कमी पडणार नाही.