एक बाद चिठ्ठी

महिन्याच्या शेवटच्या रविवारी संध्याकाळी साडेपाच वाजता आमच्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत सतरंज्या अंथरल्या जात. टेबलावर भाड्याचा टीव्ही, त्याच्या शेजारी भाड्याचाच व्हीसीआर, आणि खिडक्यांना वाचनालयाच्या शिपायाने बांधलेल्या जुन्या चादरी. बेळगावात थिएटरं काही कमी नव्हती. पण तिथे लागणारा सिनेमा आणि आम्हांला बघायचा असलेला सिनेमा यांची गाठ क्वचितच पडायची. म्हणून १९८७ साली आम्ही पंधरा-वीस जणांनी मिळून हे मंडळ काढलं. वर्गणी महिना पाच रुपये. सिनेमा संपला की चुरमुऱ्याचा चिवडा, चहा आणि चर्चा. चर्चा बहुधा चहापेक्षा कडक व्हायची.

पुढच्या महिन्यात कुठला सिनेमा लावायचा हे मतांनी ठरे. फळ्यावर तीन नावं लिहायची, प्रत्येकाने त्यातलं एक चिठ्ठीवर लिहून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकायचं. मी शाळेत गणित शिकवायचो, त्यामुळे मोजणीचं काम आपसूक माझ्याकडे आलं. चिटणीसही मीच. नियम मीच एका वहीत लिहून ठेवले होते. एका माणसाची एक चिठ्ठी. चिठ्ठी वाचता आली नाही तर बाद. बरोबरी झाली तर चिटणिसाने ठरवायचं.

या पद्धतीने आम्ही पुष्कळ पाहिलं. अत्र्यांचा ‘श्यामची आई’ पाहिला. देशात चित्रपटांना राष्ट्रीय पारितोषिकं द्यायला सुरुवात झाली तेव्हा पहिलं सुवर्णपदक या १९५३च्या मराठी चित्रपटाला मिळालं, हे सांगताना आमच्या वकीलसाहेबांचा आवाज दर वेळी भरून यायचा. पु. ल. देशपांडे एके काळी आमच्या गावातल्या कॉलेजात प्राध्यापक होते, तेव्हा ‘गुळाचा गणपती’ला विरोध करण्याची कुणाची छातीच नव्हती. डी सिकाचा १९४८चा ‘बायसिकल थीव्हज’ पाहिला त्या रात्री आम्ही साडेनऊपर्यंत भांडत होतो. बापाने शेवटी दुसऱ्याची सायकल उचलली ती चोरी म्हणायची का? मी ठामपणे म्हणालो होतो, चोरी ती चोरी. परिस्थिती कशीही असो, हिशेब बदलत नाही. हे माझं वाक्य कुणी विसरलं असेल तर असेल, मी विसरलेलो नाही.

मंडळात बहुतेक मराठी माणसं. कन्नड बोलणारे पाच-सहा. त्यांत टपाल खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते. गल्लीत आमच्या दोन घरं पलीकडे राहायचे. सगळे त्यांना रायरू म्हणत, मीही तेच म्हणायचो. मराठी फर्डं बोलायचे, आमच्या बेळगावी वळणाचं. “काय ओ मास्तर, झाली का मोजणी?” असं दारातूनच विचारायचे. त्यांच्या पत्नीला माझी बायको अक्का म्हणे. बायकोचं माहेर धारवाडचं, मराठी घर पण शाळा कन्नड. त्या दोघींचं कन्नडमधून गूळपीठ होतं. अक्का मंडळात कधी आल्या नव्हत्या.

१९८९च्या ऑगस्टमध्ये फळ्यावर तीन नावं होती. ‘संत तुकाराम’, ‘उंबरठा’ आणि ‘घटश्राद्ध’. तिसरं रायरूंनी सुचवलेलं. गिरीश कासरवळ्ळींचा हा पहिला चित्रपट, १९७७ सालचा. यू. आर. अनंतमूर्तींच्या कथेवरचा. त्याला सुवर्णकमळ मिळालं होतं. त्या दिवशी रायरूंबरोबर अक्का पहिल्यांदाच आल्या. दाराजवळ माझ्या बायकोशेजारी बसल्या, पदर सावरून.

त्या वेळी गावातली हवा कशी होती ते सीमाभागातल्या वाचकांना वेगळं सांगायला नको. १९८६ साली कन्नड सक्तीवरून जे झालं त्याला जेमतेम तीन वर्षं झाली होती. आमच्या शाळेत येणारी परिपत्रकं, बसवरच्या पाट्या, सातबाराचा उतारा, प्रत्येक ठिकाणी माणूस आपली लिपी शोधायचा आणि ती नाही म्हणून चडफडायचा. मीही चडफडायचो. निदान या एका खोलीत तरी आपण जास्त आहोत, असा एक कोपरा मनात होता. तो आहे हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

चोवीस चिठ्ठ्या निघाल्या. ‘उंबरठा’ला तीन. ‘संत तुकाराम’ला दहा. ‘घटश्राद्ध’ला दहा. आणि उरलेली एक चिठ्ठी कन्नड लिपीत होती. अक्षर मोठं, थरथरतं, एकेक अक्षर जपून काढलेलं.

मला ती वाचता आली. नोकरीत कायम होण्यासाठी मी खात्याची कन्नड परीक्षा दिली होती, आणि जन्म या गावात गेलेल्या माणसाला दुकानाची पाटी वाचता येतेच. ‘घटश्राद्ध’ असंच लिहिलं होतं. पण मी चिठ्ठी उलटसुलट केली, चष्मा वर सरकवला आणि म्हणालो, “ही काही वाचता येत नाही. बाद.” मग बरोबरी झाली असं जाहीर केलं, वहीतला नियम वाचून दाखवला, आणि चिटणीस म्हणून ‘संत तुकाराम’ ठरवून टाकला. दोन-चार टाळ्या पडल्या. रायरू माझ्याकडे क्षणभर बघत राहिले आणि म्हणाले, “बरं की ओ.” बस्स, एवढंच.

चिठ्ठी मी खिशात घातली. फाडून टाकायला हवी होती. तेवढाही सराईतपणा अंगात नव्हता.

दुसऱ्या दिवशी सदरा धुवायला काढताना ती बायकोच्या हाती लागली. तिने मोठ्याने वाचली. “घटश्राद्ध. अहो, हे तर अक्कांचं अक्षर. ही वाचता आली नाही तुम्हांला?” मी म्हणालो, अंधार होता. तिने पुढे काही विचारलं नाही. चिठ्ठी चार घड्या करून रेशनकार्डाच्या डब्यात ठेवली. दर पंधरवड्याला साखर-रॉकेल आणायला मी तो डबा उघडायचो.

सप्टेंबरात ‘संत तुकाराम’ लागला. प्रभातचा हा १९३६चा चित्रपट मी आधी चार वेळा तरी पाहिला असेन. दामले-फत्तेलालांनी त्यात काय करून ठेवलं आहे! विष्णुपंत पागनीसांचा तो निवांत चेहरा, आणि गौरीची जिजाई. पोर आजारी पडल्यावर ती थेट देवळात जाऊन, हातात पायताण घेऊन विठ्ठलाला जाब विचारते, तेव्हा खोलीतल्या सगळ्या बायका पुढे सरकून बसल्या. शेवटी तुकाराम वैकुंठाला निघतो आणि जिजाई संसारात मागे राहते. चर्चेत आमच्यातल्या एक मावशी म्हणाल्या, “संत तो झाला, पण मागे राहून पोरं तिनंच वाढवली.” त्यावर कुणाला उत्तर सुचलं नाही.

मला मात्र त्या दिवशी साळोमालोच दिसत होता. तुकारामाच्या अभंगांना स्वतःचं नाव लावून मिरवणारा. आम्ही दर वेळी त्याला हसायचो. त्या संध्याकाळी खोली हसली आणि मी खाली सतरंजीकडे बघत होतो. रायरू आले होते, नेहमीसारखे हसतही होते. अक्का आल्या नव्हत्या.

ऑक्टोबर गेला, नोव्हेंबर गेला. अक्का आमच्या घरी येत, बायकोशी बोलत, माझ्याशी पूर्वीइतकंच बोलत. त्यांना कळलं होतं की नव्हतं, याचा अंदाज मला येईना. डिसेंबरच्या बैठकीत सिनेमा सुरू होण्याआधी मी उभा राहिलो आणि सांगून टाकलं. ऑगस्टची मोजणी चुकीची होती. चिठ्ठी मला वाचता आली होती. मत ‘घटश्राद्ध’चं होतं आणि तोच सिनेमा निवडून आला होता.

कुणीतरी खोकलं. मग आमचे एक जुने सभासद, सीमाप्रश्नाच्या सत्याग्रहात तुरुंगात जाऊन आलेले, म्हणाले, “मास्तर, आपल्यावर रोज अन्याय होतो. दाखले मिळत नाहीत, अर्ज परत येतात. तिथं कुणी असं उभं राहून सांगतं का? एका चिठ्ठीचं काय घेऊन बसलात?” त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. मराठीत केलेला अर्ज ‘वाचता येत नाही’ म्हणून परत आलेला मीही पाहिला होता. तो कागद हातात घेऊन परत येताना कसं वाटतं हे मला माहीत होतं, आणि नेमकं तेच शब्द वापरून मी तेच केलं होतं. एवढं मी त्यांना सांगितलं. ते गप्प झाले. पटलं म्हणून की नाही, ते सांगता येणार नाही. पुढचे दोन महिने ते आले नाहीत.

रायरू म्हणाले, “त्या दिवशीच ठाऊक होतं मला. तुम्हीच तर माझ्या नातवाला कन्नड बाराखडी गिरवून दिली होती की ओ.” मग थोडं थांबून म्हणाले, “होगलि बिड्री.” जाऊ द्या, असं. पण त्या जाऊ द्या म्हणण्यात किती जायचं होतं आणि किती राहिलं होतं, ते मला कळलं.

जानेवारी १९९०मध्ये ‘घटश्राद्ध’ लावला. हुबळीच्या एका स्नेह्याने दूरदर्शनवरून उतरवून घेतलेली कॅसेट, चित्राला मुंग्या आलेल्या, खालच्या इंग्रजी ओळी अर्ध्या कापलेल्या. म्हणून रायरू टीव्हीच्या बाजूला खुर्ची टाकून बसले आणि वाक्यामागून वाक्य मराठीत सांगू लागले. वेदपाठशाळा, तिथे शिकायला आलेला लहानगा नाणी, आणि गुरुजींची तरुण विधवा मुलगी यमुना. तिला दिवस जातात. गाव कुजबुजतं. शेवटी बाप आपल्या जिवंत मुलीचं श्राद्ध घालतो. घट फोडला की ती मेली, तिच्याशी कुणाचं नातं नाही. यमुनेचं केशवपन होतं त्या जागी रायरूंचं भाषांतर थांबलं. नंतर त्याची गरजही पडली नाही. डोकं भादरलेली ती झाडाखाली एकटी बसलेली, आणि दूर नेला जाणारा मुलगा मागे वळून बघतोय.

दिवा लागला तरी कुणी उठलं नाही. अक्का त्या दिवशी आल्या होत्या. माझी बायको जाऊन त्यांना घेऊन आली होती. त्या कन्नडमध्ये बोलू लागल्या आणि बायको मराठीत सांगू लागली. त्यांची थोरली आत्या अकराव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आलेली. महिन्याला न्हावी मागच्या दाराने यायचा तेव्हा मुलांना परसात पिटाळायचे. एकदा अक्कांनी फटीतून पाहिलं. रात्री त्याच आत्याने त्यांना मांडीवर घेऊन गोष्ट सांगितली, रोजच्यासारखी. “तिची गोष्ट कुणीतरी सिनेमात घातलीय असं यांनी सांगितलं, म्हणून मी त्या दिवशी आले. निवडणुकीत हे सांगतील तिथं शिक्का मारत आले. आपल्या मनानं मत दिलं ते त्या चिठ्ठीवर.”

माझ्या बायकोने हे शेवटचं वाक्य माझ्याकडे न बघता सांगितलं.

मग त्या मावशी, जिजाईबद्दल बोललेल्या, म्हणाल्या, “आमच्या घरीही होती आलवणातली आजी. सगळे तिला नुसतं सोवळी म्हणायचे. तिचं नाव काय, ते मला अजून ठाऊक नाही.” मग एकेक जण बोलू लागला. कोकणातली, कारवारची, धारवाडची, देशावरची. घर कन्नड की मराठी हे त्या रात्री कुणाच्या लक्षात राहिलं नाही. चहा निवून गेला.

वहीतला नियम आम्ही बदलला. चिठ्ठी कुठल्याही लिपीत चालेल, आणि मोजताना दोघे बसतील. दुसरे रायरू. ऑक्टोबर १९९०मध्ये व्ही. शांताराम गेले, तेव्हा मत न घेताच १९४१चा ‘शेजारी’ लावला. त्याची हिंदी आवृत्ती ‘पडोसी’. तिच्यात शांतारामबापूंनी हिंदू ठाकूर मझहर खानांना दिला होता आणि मुसलमान मिर्झा गजानन जागीरदारांना. रायरू म्हणाले, “म्हणजे एकमेकांच्या चिठ्ठ्या वाचायला लावल्या की ओ.” सगळे हसले. या खेपेला मीही हसलो.

पुढे घरोघरी केबल आली आणि मंडळ हळूहळू विरलं. रायरू गेले, चार वर्षांनी अक्काही गेल्या. आमच्या गावाचं सरकारी नाव २०१४ साली बेळगावी झालं. भांडण कोर्टात आहे, आणि माझं मत जिथे होतं तिथेच आहे. मराठी माणसाचा अर्ज मराठीत घेतला पाहिजे, हे मी आजही म्हणतो. पण ते म्हणण्याचा अधिकार माझा मलाच एकदा कमी करून घ्यावा लागला होता.

२०२४ साली ‘घटश्राद्ध’ची प्रत नव्याने दुरुस्त होऊन व्हेनिसच्या महोत्सवात दाखवली गेली. मुलाने फोनवर ती बातमी वाचून दाखवली. याच महोत्सवात १९३७ साली ‘संत तुकाराम’ गाजला होता. आमच्या फळ्यावर एका ओळीत लिहिलेले दोन सिनेमे, सत्त्याऐंशी वर्षांच्या अंतराने एकाच गावी जाऊन आले. बायको उठली, रेशनकार्डाचा डबा घेऊन आली. चिठ्ठीच्या घड्या आता सुट्या होऊ लागल्या आहेत. तिने ती मुलाच्या हातात दिली. त्याने बघितली आणि म्हणाला, “मला कन्नड वाचता येतं. यात न वाचता येण्यासारखं काय आहे?”

मी म्हणालो, “काही नाही.”