प्रकाशासाठी बांधलेले गाव

स्वित्झर्लंडच्या जुरा पर्वतात, सुमारे एक हजार मीटर उंचीवर ला शो-द-फाँ वसले आहे. सरोवरे आणि हिमशिखरे पाहण्यास निघालेला प्रवासी सहसा इकडे फिरकत नाही. १७९४ च्या आगीत गावाचा मोठा भाग भस्मसात झाला आणि पुढे ते सरळ, समांतर रस्त्यांवर नव्याने उभे राहिले. उतारावर घरांच्या लांब रांगा, त्यांच्यामध्ये बागा, आणि भिंतींत खिडक्यांच्या ओळी. ही रचना शोभेसाठी नव्हे. घड्याळ घडविणाऱ्याच्या मेजावर उजेड यावा, ही तिची गरज होती. २००९ मध्ये युनेस्कोने या गावाची आणि शेजारच्या ल लोक्लची जागतिक वारसास्थळ म्हणून नोंद केली.

अंगावर असताना आपोआप चावी भरली जाणाऱ्या घड्याळाची कथाही याच परिसरातली. १७७७ च्या सुमारास ल लोक्लच्या आब्राम-लुई पेर्ले याने तसे खिशातले घड्याळ बनविले, असे बहुतेक मानतात. काही अभ्यासक मात्र हे श्रेय लिएजच्या ह्यूबेर सार्तोंला देतात. वाद मिटलेला नाही, आणि मिटण्याची घाईही कोणाला दिसत नाही.

ला शो-द-फाँच्या आंतरराष्ट्रीय घड्याळ संग्रहालयात दुरुस्तीची स्वतंत्र कार्यशाळा आहे. जुने स्वयंचलित मनगटी घड्याळ उघडले की प्रथम दिसतो तो अर्धचंद्राकृती रोटर. हात हलला की तो फिरतो आणि मुख्य कमान ताणत राहतो. कारागीर आधी त्या कमानीचा ताण हळूहळू उतरवितो. तो तसाच ठेवून भाग सुटे केले, तर चाके भरकन फिरून त्यांच्या केसासारख्या बारीक आसांची टोके मोडू शकतात. मग प्रत्येक भाग धुतला जातो आणि आस ज्यांत फिरतात ती माणके लाकडी काडीच्या टोकाने स्वच्छ केली जातात. बंद पडलेल्या घड्याळाची फारशी चिंता नसते. खरी हानी होते ती वर्षानुवर्षे सुकलेल्या तेलावर चालत राहिलेल्या घड्याळाची. घट्ट झालेल्या तेलात धातूची भुकटी मिसळते आणि आसांना कानशीसारखी घासत राहते.

स्वयंचलित घड्याळाची खरी परीक्षा कमानीच्या डबीत असते. येथे कमानीचे बाहेरचे टोक भिंतीला जखडलेले नसते. पूर्ण ताण येताच ते थोडे घसरते, म्हणून घड्याळ कितीही वेळ हातावर राहिले तरी कमान तुटत नाही. त्या भिंतीला लावायचे वंगण चुकले आणि टोक लवकर घसरू लागले, तर रात्री काढून ठेवलेले घड्याळ पहाटेपूर्वीच थांबते.

यंत्राविषयी कारागिरांचे सहसा एकमत असते; मतभेद होतात ते तबकडीवरून. शेजारच्या सँ-इमिएहून भारतात गेलेल्या वेस्ट एंड घड्याळांच्या तबकडीवर ‘बॉम्बे’ अशी अक्षरे असत. आज मुंबईच्या बाजारात अशा कित्येक जुन्या तबकड्या नव्याने रंगवून विकल्या जातात. घड्याळ चकचकीत दिसते. पण ज्या पिवळट पृष्ठभागाकडे पाहून आजोबांनी गाडीची वेळ गाठली असेल, तो कायमचा जातो.

तबकडीला हात न लावण्याचे आणखी एक कारण आहे. १९६० च्या आधीच्या अनेक घड्याळांत अंधारात चमकणाऱ्या रंगात रेडियम असे. त्याचे अर्धे आयुष्य सुमारे सोळाशे वर्षे. चमक केव्हाच विझते, किरणोत्सर्ग राहतो. असा रंग खरवडला तर त्याची भुकटी श्वासावाटे शरीरात जाते. जुरातील कित्येक कामगारांनी, विशेषतः स्त्रियांनी, हा रंग घरी बसून भरला. त्यांपैकी जुनी घरे शोधून, मोजमाप करून स्वच्छ करण्याचे काम स्विस सरकारने २०१५ पासून हाती घेतले. उजेडासाठी बांधलेल्या खिडक्यांच्या आत तो धोका अनेक दशके शांतपणे पडून होता.

म्हणून विवेकी कारागीर तबकडी तशीच ठेवतो, आणि बदललेले जुने भाग कागदी पुडीत बांधून मालकाला परत करतो. मागचे झाकण लावण्यापूर्वी आतल्या बाजूला भिंगातून पाहिले तर सुईने कोरलेल्या बारीक तारखा व खुणा अनेकदा दिसतात: आधी ज्यांनी ज्यांनी हे घड्याळ उघडले, त्यांच्या. त्या कोणी घासून काढत नाही.