दोर कापल्यानंतर

कुंभकोणमजवळचे साक्कोट्टै हे आमचे गाव. सपाट भातशेतीचा मुलूख. उंच म्हणजे नारळाची झाडे आणि देवळांची गोपुरे. तंजावरी मराठी बोलणाऱ्या आमच्या घरात एका रात्री टीव्हीवर २००० सालचा ‘व्हर्टिकल लिमिट’ लागला. मी आणि अक्का पाहत बसलो.

सुरुवातीलाच एका दोराला बाप, मुलगा आणि मुलगी लटकलेली. बाप म्हणतो, “दोर काप.” मुलगा कापतो. बहीण त्याला क्षमा करत नाही.

आम्ही दोघेही गप्प झालो. अप्पांच्या हट्टामुळे मीच त्यांना इस्पितळातून घरी आणले होते. ते गेले, आणि अक्काने वर्षभर माझ्याशी अबोला धरला होता.

पुढे ८६११ मीटर उंचीचा के-टू, कोसळणारे हिमकडे! बरीचशी न्यूझीलंडमध्ये टिपलेली ती दृश्ये डोळे दिपवतात. पण कथा? पाठीवर नायट्रोग्लिसरीन घेऊन चढणारी माणसे आणि स्फोटांवर स्फोट. भावाबहिणीच्या मनातली गाठ त्या बर्फातच गाडली गेली.

“हे दोघं नीट बसून बोलले कुठे?” अक्का म्हणाली.

“आपण तरी कुठे बोललो?” मी म्हणालो.

तिने टीव्ही बंद केला. अप्पा गेल्यानंतर त्या रात्री पहिल्यांदाच आम्ही त्यांच्याविषयी बोललो.