कपाटावरची बाटली

वाईन जितकी जुनी तितकी चांगली, अशी पुष्कळांची समजूत असते. माझीही होती, तिने मला चांगलेच फसविले.

घराच्या वाटणीवरून दादाशी माझे बोलणे बंद झाले, त्याच्या दुसऱ्याच वर्षी त्याने नाशिकहून तांबड्या वाईनची एक बाटली धाडली. सोबत चिठ्ठी होती : ‘बोलावशील तेव्हा येईन, मिळून उघडू.’ आत्याला ‘द्राक्षासव आहे’ असे सांगून मी ती स्वयंपाकघरातील कपाटावर उभी करून ठेविली.

बोलावण्यास मला ६ वर्षे लागली. दादा आला, बाटली उतरविली. बुचाचा भुगा झाला. पेल्यात माणकाचा रंग नव्हे, विटकरी छटा उतरली. नाकाला झोंबणारा आंबूस दर्प सुटला. आत्या लांबूनच म्हणाली, “अरे, हे तर आंबले! याचा शिरका झाला.”

दादा हसला. म्हणाला, “बाटली आडवी ठेवावी, म्हणजे बूच ओले राहते. उभ्या बाटलीचे बूच सुकते, हवा आत शिरते आणि जंतू मद्यार्काचे आम्ल करून टाकतात. जागा हवी अंधारी, १२ ते १५ अंशांची. तू ठेवलीस शेगडीच्या डोक्यावर! शिवाय बहुतेक वाईन दोन-चार वर्षांतच प्यावयाची असते. वर्षानुवर्षे मुरून सुधारणाऱ्या थोड्याच.”

मी मान खाली घातली. तो केवळ वाईनविषयीच बोलत होता काय, हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही. आत्याने चहा टाकला. तो मात्र आम्ही निवू दिला नाही.