थोरांचें मत आणि एक भागाकार

मोठ्या संख्येपुढें मनुष्य बहुधा दिपून जातो. तिच्या अंतरंगांत डोकावण्याची इच्छा त्याला क्वचितच होते. वास्तविक संख्येची गोडी तिच्या लांबींत नसून तिच्या घडणींत असते. ४,२९,४९,६७,२९७ ही संख्या मला प्रिय आहे ती याच कारणानें.

तिचें कुळ मोठें प्रतिष्ठित आहे. ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ या तिच्या वडील बहिणी. यांपैकीं कोणतीही संख्या घेऊन तींतून एक वजा करावा, बाकीचा वर्ग करावा व त्यांत पुन्हां एक मिळवावा, कीं पुढची संख्या सिद्ध होते. या पांचही मूळसंख्या आहेत; म्हणजे एक व ती स्वतः यांखेरीज दुसऱ्या कोणत्याही संख्येनें तिला निःशेष भाग जात नाहीं. हें पाहून फर्मा या फ्रेंच गणितज्ञानें १६४० सालीं एका पत्रांत असें मत मांडलें कीं, या कुळांतील यच्चयावत् संख्या मूळसंख्याच असाव्यात. मात्र आपणांस याची सिद्धता साधलेली नाहीं, हेंही त्यानें प्रांजलपणें लिहिलें.

पुढें १७३२ सालीं ऑयलरनें दाखवून दिलें कीं, या सहाव्या संख्येला ६४१ नें पुरा भाग जातो आणि भागाकार ६७,००,४१७ येतो! हा भाजक शोधण्यास हजारों भागाकार करावे लागत नाहींत. या संख्येचा कोणताही मूळ भाजक ६४ च्या पटीहून एकानें अधिक असलाच पाहिजे, हें एकदां कळलें म्हणजे १९३, २५७, ४४९ व ५७७ हे चार निष्फळ ठरून पांचवा ६४१ हातीं येतो.

आमच्या घरीं या भागाकाराचा एकदां वेगळाच उपयोग झाला. माझ्या पुतणीला महाविद्यालयांत गणित घ्यावयाचें होतें. तिचे वडील, म्हणजे आमचे दादा, म्हणाले, "आपल्या घराण्यांतले पांच मुलगे गणितांत नापास झाले. हा विषय आपल्या रक्तांतच नाहीं." दादांचा शब्द मोडण्याची आमच्याकडे रीत नाहीं. मुलीनें उलट उत्तर केलें नाहीं. तिनें फर्माची हकीकत सांगितली आणि ६४१ चा गुणाकार वहीवर मांडून त्यांच्यापुढें ठेवला. दादांनीं चष्मा लावून तो ओळ न् ओळ ताडून पाहिला. मग म्हणाले, "म्हणजे पांचांवरून सहावें ठरत नाहीं, असेंच ना?" आणि अर्जावर सही केली.

फर्माचा मोठेपणा यानें उणावत नाहीं. 'मला असें वाटतें' आणि 'हें असेंच आहे' यांतील अंतर त्यानें राखलें, म्हणूनच मागून येणाऱ्यास वाट मोकळी राहिली. त्या कुळांत सहावी मूळसंख्या आजतागायत कोणास सापडलेली नाहीं; ती नाहींच, असेंही कोणी सिद्ध केलेलें नाहीं. वडीलधाऱ्यांनीं हें अंतर राखावें, आणि धाकट्यांनीं शंका घेतांना सबंध गुणाकार मांडून दाखवावा. मग घरांतील मानही राहतो आणि सत्यही.