चिठ्ठीवरचे गाव

रहस्यकथेला पक्षीनिरीक्षकाइतके सोयीचे पात्र दुसरे नाही, असे आमचे जुने मत आहे. हा माणूस पहाटे अंधारात घराबाहेर पडतो, तासन्‌तास झुडपाआड दबा धरून बसतो. गळ्यात दुर्बीण, खिशात वही. त्याने काय पाहिले हे बहुतेक वेळा त्याला आणि अल्लाहलाच ठाऊक. आम्हा नवरा-बायकोला असल्या कथांचा नाद आहे. एखाद्या छंदाने माणसाला हळूहळू आतून पोखरत नेलेले वाचायला आम्हाला आवडते, तेही रजईत बसून. पण या हिवाळ्यात आम्ही घरात मोठ्याने वाचून काढली ती कथा कोणी रचलेली नाही. शिवाय तिचा शेवट आमच्या धुळ्यापासून दोन-अडीच तासांवर, शहाद्याजवळच्या रानात होतो.

या कथेपर्यंत आम्हाला नेले ते डॉ. सालिम अलींनी. आमच्या मुलाला पक्ष्यांचे वेड लागले (तो आता अकरावीत आहे) तेव्हा १९८५ साली निघालेले त्यांचे 'द फॉल ऑफ अ स्पॅरो' हे आत्मचरित्र घरात आले. त्यातला चिमणीचा प्रसंग अनेकांना माहीत असतो. आईवडिलांविना मामाकडे वाढणारा मुंबईतला मुलगा एअरगनने चिमण्या टिपतो. एकीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसतो. ही नेहमीची चिमणी नव्हे, मग ही खाणे जायज आहे की नाही, अशी त्याला शंका येते. तो पक्षी घेऊन मामा अमीरुद्दीन तय्यबजींकडे जातो, मामा त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवतात, आणि तिथले मिलार्डसाहेब पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे खणच्या खण त्याच्यापुढे उघडतात. केवढे मोठे आयुष्य हलालच्या एका शंकेपासून सुरू झाले! शंका आली तेव्हा त्या मुलाने ती गिळून टाकली नाही, हे आम्हाला विशेष वाटते.

त्याच पुस्तकात एक इंग्रज कर्नल भेटतो. रिचर्ड माइनर्ट्झहागेन. हे नाव कोणाच्याच जिभेवर बसेना, म्हणून घरात तो नुसता 'कर्नल' झाला. १९३७ मध्ये सालिम अली त्याच्याबरोबर अफगाणिस्तानात पक्षी शोधत हिंडले. कर्नल रोज रात्री रोजनिशी लिहायचा. हिंदी लोकांना राज्य चालवणे कधी जमायचे नाही, अशा अर्थाचे बरेच काही त्याने आपल्या सोबत्याविषयी लिहून ठेवले होते. सालिम अलींनी तो मजकूर स्वतःच्या आत्मचरित्रात छापला, तोही फारसा राग न धरता. पक्ष्यांचा जाणकार म्हणून त्यांना हा माणूस आवडत होता. सालिम अली १९८७ मध्ये वारले, त्यामुळे पुढे जे बाहेर आले ते त्यांना पाहावे लागले नाही.

कर्नलचा जन्म १८७८ चा, सावकारी पेढी असलेल्या श्रीमंत घरातला. अंगाने धिप्पाड, बोलण्यात वाकबगार. १९०५ मध्ये केनियात बोलणी करायला आलेल्या नांदी लोकांच्या पुढाऱ्याला त्याने गोळी घातली. पहिल्या महायुद्धात तो पॅलेस्टाइनच्या आघाडीवर हेरखात्यात होता. तुर्कांना फसवण्यासाठी खोट्या कागदांची थैली मुद्दाम पाडून आल्याची त्याची गोष्ट पुस्तकांतून आणि सिनेमातून गाजली. ती कल्पनाही मुळात त्याची नव्हती, असे नंतरच्या अभ्यासकांचे म्हणणे आहे. पुढे तो झायोनिस्ट चळवळीचा कट्टर समर्थक झाला. इथे आमच्या वाचकांच्या भुवया उंचावतील, आमच्याही उंचावल्या. पण तेवढ्यावरून पक्ष्यांच्या बाबतीतही तो खोटाच असणार असे धरून चालणे बरोबर नाही. ते वेगळे सिद्ध व्हावे लागते, आणि झाले.

संग्रहालयात पक्षी ठेवतात तो असा: कातडे सोलून आत कापूस भरायचा, शिवायचे आणि पायाला एक चिठ्ठी बांधायची. त्या चिठ्ठीवर गाव, तारीख आणि मारणाऱ्याचे नाव. ती नसेल तर पक्ष्याचा शास्त्राला फारसा उपयोग नाही. कोणता पक्षी कुठे राहत होता, कधी राहत होता, हे सगळे त्या बोटभर कागदावर उभे असते. एका अर्थाने ती गवाहीच म्हणायची, आणि गवाहीदार मरून गेल्यावर उलटतपासणी कोण घेणार?

कर्नलने १९५४ मध्ये आपले सुमारे २०,००० पक्षी लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला दिले. त्यातले कितीतरी मुळात त्याच म्युझियमचे होते! नमुने परस्पर उचलल्यावरून १९१९ मध्येच त्याला तिथल्या पक्षीदालनात दीड वर्ष बंदी झाली होती. तरी तो परत आत आला. माणूस मोठा, ओळखी मोठ्या. पक्षी उचलायचा, जुनी चिठ्ठी काढायची, आपल्या हाताने नवी लिहायची. गाव नवे, तारीख नवी, नाव आपले. तिथल्या लोकांत कुजबुज असायची, पण त्याच्या हयातीत उघड कोणी बोलले नाही. १९६७ मध्ये तो मानाने वारला.

१९९३ मध्ये अ‍ॅलन नॉक्स यांनी त्याच्या काही नमुन्यांतली लबाडी उघडकीला आणली. मग अमेरिकेच्या पामेला रासमुसेन आणि लंडनच्या म्युझियमचे रॉबर्ट प्रिस-जोन्स यांनी चिकाटीने एकेक पक्षी तपासला. प्रत्येक कातडे भरणाऱ्याचा हात वेगळा असतो. टाका कसा घातला, कापूस कसा पिळला, आत कोणते हाड ठेवले, कोणते काढले. एक्स-रे काढले की चिठ्ठी एक बोलते आणि टाका दुसरेच. आमच्या घरातल्या शिवणाऱ्या माणसाला हा भाग फार पटला. दुसऱ्याने शिवलेला कुर्ता उसवून पुन्हा शिवला तरी जुन्या सुईची भोके दिसतातच.

आता रानपिंगळ्याकडे येतो. आपल्या गावातल्या आंब्यावर, पडक्या भिंतीत राहतो तो साधा पिंगळा. रानपिंगळा त्याच्याच एवढा, पण डोक्यावर ठिपके जवळजवळ नाहीत, पंजे दणकट, आणि घुबडाच्या जातीचा असून दिवसाढवळ्या शिकार करणारा. १८७३ मध्ये ह्यूम यांनी त्याचे पहिले वर्णन छापले. १८८० नंतरच्या चार-पाच वर्षांत खानदेशातले एक इंग्रज अधिकारी जेम्स डेव्हिडसन यांनी काही पक्षी मिळवले, आणि १८८४ नंतर तो कोणाला मिळालाच नाही. अपवाद एकच, गुजरातेत तापीकाठच्या मांडवीला १९१४ मध्ये मिळालेला. मिळवणारा अर्थातच कर्नल.

रासमुसेन यांनी तो नमुना तपासला तेव्हा त्यावर डेव्हिडसनच्या हाताच्या खुणा निघाल्या. पक्षी खानदेशचा होता, चिठ्ठी तेवढी मांडवीची. म्हणजे ज्या एका नोंदीवरून हा पक्षी विसाव्या शतकातही असल्याचे, आणि तो तापीच्या खालच्या खोऱ्यात असल्याचे जग मानत होते, ती नोंद बनावट. मांडवी वगळून रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट जुन्या खऱ्या गावांच्या मागे निघाले, आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी सकाळी, शहाद्याजवळ, एका निष्पर्ण झाडावर तो बसलेला दिसला. तब्बल ११३ वर्षांनी. पुढे तो मेळघाटात सापडला, २०१४ मध्ये मुंबईजवळ तानशालाही दिसला. (शहादा या गावाच्या नावाचा कलिम्यातल्या शहादाशी संबंध आहे असा आमचा दावा नाही. पण ते नाव वाचताना आमच्यापैकी एकाने मान वर करून दुसऱ्याकडे पाहिले, एवढे खरे.)

रहस्यकथेत खून लागतो. इथे तोही आहे, किंवा कदाचित नाही. कर्नलची बायको अ‍ॅनी स्वतः चांगली पक्षितज्ज्ञ होती. १९२८ मध्ये स्कॉटलंडला घरी असताना डोक्यात गोळी लागून ती वारली. पिस्तुलाच्या नेमबाजीतला अपघात, अशी नोंद झाली. जवळ फक्त नवरा. नवऱ्याच्या चोऱ्या तिच्या लक्षात आल्या असाव्यात, असा तर्क नंतर अनेकांनी लढवला. कादंबरीकाराला एवढे पुरे. पण आम्ही इथे अडलो. पक्ष्यांची लबाडी टाक्यांवरून सिद्ध झाली आहे, अ‍ॅनीच्या मृत्यूबाबत हातात काही नाही. बदगुमानीतली काही गुमाने गुनाह असतात असे लहानपणापासून शिकलेल्या माणसांनी एका ठिकाणी पुरावा मागायचा आणि दुसऱ्या ठिकाणी नुसत्या वासावर निकाल द्यायचा, हे बरे दिसत नाही. आम्ही तिच्यासाठी हळहळलो आणि पान उलटले.

पण एक प्रश्न मुलाने विचारला आणि तो अजून घरात फिरतो आहे. "अम्मी, त्याच्याकडे वीस हजार होते. मग अजून एकाची काय गरज होती?"

त्याला पक्षी आवडत नव्हते असे म्हणून सुटता आले असते. तसे नव्हते. कर्नलला पक्षी खरोखर कळत होते, थंडीवाऱ्यात तो त्यांच्यामागे मैलोन्‌मैल चालला होता. म्हणून तर ही कथा अंगावर येते. पक्षी असावा ही इच्छा कधीतरी, नकळत, तो मला दिसलेला असावा या इच्छेत बदलते. त्यानंतर पक्षी नसला तरी चालते.

सूरह नमलमधला हुदहुद आम्हाला याच संदर्भात आठवला. ह. सुलैमान (अलै.) यांच्या दरबारात तो गैरहजर होता, उशिरा आला आणि सबाची खबर घेऊन आला. खबर मोठी होती. तरी ती लगेच मानली गेली नाही आणि झटकलीही गेली नाही. तो खरे बोलतो की खोटे हे पाहण्यासाठी त्याच्याच चोचीत पत्र देऊन त्याला परत पाठवले. आमच्या घरात तफसीर वाचताना या भागावर आधी कधी इतका वेळ थांबणे झाले नव्हते.

थांबायला कारण होते. मुलगा आपली यादी मोबाइलवर ई-बर्डवर भरतो. ही पोरांची गंमत नाही. २०२३ मध्ये देशातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा जो अहवाल निघाला, तो ३० हजारांहून अधिक हौशी निरीक्षकांच्या सुमारे ३ कोटी नोंदींवर उभा आहे. जुन्या चिठ्ठ्यांची जागा या नोंदींनी घेतली आहे. मुलाच्या मित्रांत कोणाचे दोनशे आधी होतात याची चढाओढ होती. डिसेंबरात त्याचे दोनशे झाले, मिठाई वाटली गेली. दोनशेवा पक्षी मोठा ठिपकेदार गरुड, जवळच्या तलावावर. ज्या सकाळची ती नोंद आहे त्या सकाळी मुलगा आमच्याबरोबर मालेगावात, खालाच्या मुलीच्या निकाहला होता.

तारीख चुकून पडली असेल. आमच्यापैकी एकाला तसे वाटते. दुसऱ्याला वाटते, विचारायला हवे, आजच. आठवडाभर हे आम्ही स्वयंपाकघरात हळू आवाजात बोललो. मग कर्नलची गोष्ट मोठ्याने वाचायला घेतली, हे खोटे कशाला सांगू.

जानेवारीत एका रविवारी तिघे शहाद्याहून तोरणमाळच्या रस्त्याला गेलो. बरोबरच्या स्थानिक माणसाने आधीच बजावले, मोबाइलवर आवाज वाजवून बोलवायचे नाही, पक्षी त्याला दुसरा नर समजून दाणापाणी सोडतात. चार तास हिंडलो. सागाची पाने पायाखाली पापडासारखी मोडत होती. एका फांदीवर एक पिंगळा होता. मुलगा दुर्बीण लावून बराच वेळ बघत राहिला. "ठिपके आहेत डोक्यावर," तो शेवटी म्हणाला, आणि वहीत लिहिले: पिंगळा, १.

गरुडाची नोंद अजून तशीच आहे. तलाव घरापासून पाऊण तासावर आहे. येत्या रविवारी आम्ही दोघे त्याच्याबरोबर जाणार आहोत. मोठा ठिपकेदार गरुड कसा ओळखायचा ते आम्हाला शिकव, एवढेच त्याला सांगितले आहे.

तो जरा वेळ बुटांच्या नाड्या बांधत राहिला. मग म्हणाला, "अब्बू, तिथे दिसेलच असं नाही."

"नसू दे," आम्ही म्हणालो. "डबा घेऊन जाऊ."