दोरीचे दुसरे टोक

रविवारी पहाटे मी पाठीला सॅक लावून बूट बांधायला बसले की आमच्या आज्जीचा प्रश्न ठरलेला असतो. "घोरपडीचं काम माणसानं कशाला करायचं गे?"

मला उत्तर सुचत नाही. घोरपडीला तरी हे काम माणसानेच लावले ना! तानाजीची यशवंती सगळ्यांना ठाऊक आहे. मुधोळच्या घोरपडे घराण्याचे नावही असेच पडले, बहामनी काळात त्यांचा एक पूर्वज घोरपडीच्या कमरेला दोर बांधून किल्ला चढला म्हणून, अशी आख्यायिका आहे. ही आख्यायिका मला माझ्या मैत्रिणीने सांगितली. ती स्वतः मुधोळची. वर्गात तिच्या नावाच्या तिघी असल्यामुळे प्राध्यापक मंडळी सोडून बाकी सगळे तिला 'मुधोळ' म्हणूनच हाक मारतात. ती वसतिगृहात राहते. प्रयोगशाळेत आमचे टेबल एक. माझे कन्नड शाळेत गुण मिळवण्यापुरते, तिचे मराठी बाजारातले आणि सिनेमातले. दोन्हींची भेसळ करून आमचे छान चालते. निदान चालत होते, असे म्हणायला हवे, कारण एकदा ते चालले नाही. तेच सांगायचे आहे.

पण आधी हे वेड लागले कसे ते सांगते. गेल्या वर्षी ऑक्टोबरात कॉलेजच्या गटाबरोबर येळ्ळूरगडावर गेले होते. बेळगावात वाढलेल्याला येळ्ळूरगड नवा नसतो. मीही लहानपणापासून दहा वेळा गेले असेन, सिद्धेश्वराला नमस्कार करून आणि डबा खाऊन परत. त्या दिवशी मात्र उतारावरच्या एका काळ्या कातळाला सरांनी दोर लावला. पंधरा फूट असेल नसेल. मुले भराभर चढली. मुधोळही चढली. मी सात फुटांवर अडकले. कातळाला अशी बिलगले की जणू तो माझा सख्खा मामा. उजवा पाय थडथड उडू लागला. खालून सर म्हणाले, "शिवणयंत्र सुरू झालं बघा. टाच खाली घे, थांबेल." जगभरचे गिर्यारोहक पायाच्या या थरथरीला शिवणयंत्रच म्हणतात, हे मला नंतर समजले. टाच खाली घेतली. पाय थांबला, पण मी काही वर गेले नाही.

रात्री अंथरुणावर पडल्यावर डोळ्यांपुढे तो कातळ उभा राहिला आणि एकदम दिसले, डाव्या हाताला खांद्याच्या थोडी वर एक खाच होती. मी उजवीकडेच चाचपत बसले होते. उठून तेव्हाच जावेसे वाटले. पुढच्या रविवारी गेले आणि ती खाच खरोखरच तिथे होती! त्या दिवसापासून माझे डोळे बिघडले. रस्त्याने जाताना जुन्या दगडी भिंती दिसल्या की आधी बोटे कुठे बसतील ते दिसते. घरात भाकरी थापताना सोललेल्या बोटांना कोमट पाणी झोंबते आणि आई काही न बोलता परात आपल्याकडे ओढून घेते.

डिसेंबरच्या सुट्टीत चार दिवसांच्या शिबिरासाठी आम्ही बदामीला गेलो. बेळगावहून चार-साडेचार तासांचा रस्ता. काळी जमीन मागे पडते आणि अचानक तांबडे कडे उभे राहतात. आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा थिजलेला लाव्हा. बदामीचा दगड त्याच्या कितीतरी पट जुना. पाण्याने आणून टाकलेली वाळू थरावर थर बसून घट्ट झाली, त्याचा हा वालुकाश्म. ते थर अजून स्पष्ट दिसतात, आणि त्यांच्यामधल्या आडव्या खाचा म्हणजे चढणाऱ्याला आयत्या पायऱ्या. पृष्ठभाग खरखरीत, बूट घट्ट धरून ठेवणारा. मात्र पाऊस पडून गेल्यावर या दगडावर चढायचे नसते. ओला वालुकाश्म कमजोर होतो आणि धरलेला तुकडा हातात येतो.

पहिल्या दिवशी गाठी शिकलो आणि दोर धरायला शिकलो. संध्याकाळी लेणी पाहिली. तिसऱ्या लेण्यात मंगलेशाचा शके 500 चा, म्हणजे इसवी सन 578 चा लेख आहे. पण मुधोळला घाई होती ती तळ्याकाठच्या कड्यावरचा कप्पे अरभट्टाचा शिलालेख दाखवायची. सुमारे तेराशे वर्षांपूर्वीचा, कन्नड त्रिपदीतला. ती जुनी लिपी तिलाही वाचता येत नव्हती, पण शाळेत शिकलेल्या ओळी पाठ होत्या. तिने त्या मोठ्याने म्हटल्या. मला ओवीची आठवण झाली. एका माकडाने तेवढ्यात आमची केळी पळवली.

दुसऱ्या दिवशी लेण्यांपासून दूर, गावाबाहेरच्या कड्यावर चढाई होती. कडा चाळीस फुटांचा. दोर वर माथ्यावरच्या कॅरॅबिनरमधून ओवलेला, एक टोक चढणाऱ्याच्या कमरेला, दुसरे खाली उभ्या असलेल्या जोडीदाराच्या हातात. चढणारा वर सरकेल तसा जोडीदाराने दोर ओढून घ्यायचा आणि तो निसटला तर धरायचा. सरांनी हाका ठरवून दिल्या होत्या. दोर आवळायचा तर 'टेक', सैल सोडायचा तर 'स्लॅक'. शिवाय बजावलेही होते, "दोर आवळ हे सांगताना 'स्लॅक घे' असं कधी ओरडायचं नाही. वाऱ्यात खालच्याला नेमका 'स्लॅक' एवढाच शब्द ऐकू येतो." आम्ही हसलो होतो.

मुधोळ चढत होती, दोर माझ्याकडे होता. दहा-बारा फुटांवर एक लहानसा पुढे आलेला दगड होता. तिथे पाय वर घेण्यासाठी तिला दोर थोडा सैल हवा होता. "स्लॅक," ती म्हणाली. मी दिला. तिने पाय वर टाकला, तो घसरला, आणि ती दोन्ही हातांवर लोंबकळत राहिली. घाबरले म्हणजे माणूस सरांनी शिकवलेली भाषा विसरतो. ती ओरडली, "बिगि! बिगि!"

कन्नडमध्ये बिगि म्हणजे घट्ट. हे मला ठाऊक होते हो! शाळेत या शब्दाचे वाक्यात उपयोग केले आहेत. पण त्या क्षणी माझ्या कानांनी आज्जीचा शब्द ऐकला. आज्जी मला लहानपणापासून 'बिगी बिगी चल' म्हणत आली आहे, म्हणजे लवकर चल. मला वाटले, हिला आणखी दोर हवा आहे आणि लवकर हवा आहे. मी लगबगीने दोन हात दोर सोडला.

दोर आवळला गेला असेल अशा भरवशावर तिने हात सोडले.

मी खालचा हात सोडला नाही, तेवढे एकच बरोबर केले. दोर अडला. पण हा दोर नायलॉनचा असतो आणि मुद्दामच ताणला जाणारा केलेला असतो. नाहीतर पडणाऱ्याच्या कमरेला जबर हिसका बसेल. दोर जितका लांब तितका जास्त ताणतो. चढणारा तळाशी असतो तेव्हा वर जाऊन परत खाली आलेला जवळजवळ सगळा दोर दोघांच्या मध्ये असतो. म्हणून या प्रकारच्या चढाईत पहिले दहा-बारा फूटच फार जपायचे असतात. मी त्या वेळेपर्यंत वरच्या तीस फुटांनाच भीत होते. माझा सोडलेला दोर आणि दोराचा ताण मिळून ती थेट जमिनीवर आली. डावा पाय मुरगळला, कोपर सोलले.

ती पहिल्यांदा काय म्हणाली असेल? "एनू आगिल्ल." काही झाले नाही. घोटा तोवर लिंबाएवढा सुजला होता.

सर रागावले असते तर बरे वाटले असते. त्यांनी पट्टी बांधली, कोणी काय ओरडले आणि कोणी काय ऐकले ते दोघींकडून वेगवेगळे विचारून घेतले आणि सगळ्यांना पुन्हा हाका म्हणायला लावल्या. रात्री मी तिच्याशेजारी झोपले होते. माफी मागायची होती, पण कोणत्या भाषेत मागावी हेच सुचेना. शेवटी तीच अंधारात म्हणाली, "लवकर म्हणजे बेगा. बिगि नाही." मग ती हसली. मला हसू आले नाही.

तिसऱ्या दिवशी मी चढणार नाही असे सरांना सांगितले. ते 'बरं' म्हणाले. मुधोळ झाडाला टेकून पाय लांब करून बसली होती. म्हणाली, "ती चढेल. दोर मी धरते." सरांनी थोडा विचार केला. मग तिला बसल्या जागी झाडाला पक्के बांधले, दोर तिच्या हाती दिला आणि तिच्यामागे स्वतः त्याच दोराचे शेपूट धरून उभे राहिले. मी तिची गाठ तपासली, तिने माझी. ही तपासणी रोजचीच असते, पण त्या दिवशी तिला माझ्या गाठीवरून बोट फिरवताना पाहून मला तिच्या तोंडाकडे बघवेना.

दहा-बारा फुटांवरच्या त्याच दगडाशी माझेही हात भरून आले. शिवणयंत्र सुरू. "टेक!" मी ओरडले. दोर आवळल्याचे कमरेला जाणवले. आता फक्त हात सोडायचे होते. किती वेळ गेला सांगता येत नाही. तिने हात सोडले तेव्हा तिला इतका वेळ लागला नव्हता. खालून ती काही बोलली नाही. मी हात सोडले आणि वीतभर खाली येऊन लोंबत राहिले. एवढेच. हात झाडले, पाठ टेकवून तळ्याच्या दिशेने पाहिले, पुन्हा दगडाला लागले आणि माथ्यापर्यंत गेले. वर वारा फार होता.

घरी आल्यावर मी आईला सगळे सांगितले. शिबिराला जाताना 'दोर असतो, काळजी नको' म्हणून मीच तिची समजूत घातली होती.

"आणि तो दोर तू धरला होतास?" एवढेच तिने विचारले. दुसऱ्या दिवशी वसतिगृहावर कुंद्याचा डबा गेला.

मुधोळचा पाय बरा व्हायला पाच आठवडे लागले. फेब्रुवारीत एका शनिवारी मी सॅक भरत होते, तेव्हा आई दारात येऊन उभी राहिली.

"उद्या ती येणार आहे का?"

"येणार आहे."

"मग तिचा दोर कोण धरणार?"

"मी," मी म्हणाले.

आई जरा वेळ तशीच उभी राहिली. मग म्हणाली, "पहाटे उपाशी जाऊ नको. भाकरी करून ठेवते."